‘कॅचिंग फायर’ : आज्ञेचे प्रेम आणि अजाणतेचे बंड

किशोरवयीनांसाठी लिहिलेल्या कादंबरीत बंड आणि प्रेम एकत्र आले, की प्रौढ वाचक तिच्याकडे काहीशा संशयाने पाहतो. वीररस साहसापुरता आणि शृंगार रंजनापुरता, असा आपला समज असतो. सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची ‘कॅचिंग फायर’ (२००९) ही कादंबरी या समजाचा फेरविचार करावयास लावते.

‘द हंगर गेम्स’ (२००८) या कादंबरीची ही उत्तरकथा. पानेम या कल्पित राज्यात दरवर्षी बारा जिल्ह्यांतून चोवीस मुलेमुली निवडून, एकच उरेपर्यंत त्यांना झुंजविले जाते व तो खेळ साऱ्या राज्याला दाखविला जातो. रोमन कवी जुव्हेनल याच्या ‘भाकरी आणि खेळ’ या प्रसिद्ध वचनावरून राज्याचे हे नाव घेतले आहे. पहिल्या कथेच्या अखेरीस कॅटनिस आणि पीटा विषारी फळे खाण्याची तयारी दाखवितात आणि दोघेही वाचतात. या कृतीचा अर्थ काय, हाच उत्तरकथेचा खरा विषय होय. तिला प्रेमाचा उन्माद म्हटले तर सत्ता निर्धास्त राहते. अवज्ञा म्हटले तर जिल्हे पेटतात. म्हणूनच राष्ट्राध्यक्ष स्नो स्वतः कॅटनिसच्या घरी येऊन तिला प्रेमाचे नाटक चालू ठेवण्यास बजावतो. प्रेम ही राजाज्ञा होते! लेखिकेने शृंगार आणि राजकारण यांचा सांधा येथे जुळविला आहे. जिला स्वतःचे मन जाणून घेण्याचीही सवड नाही, तिच्या तोंडून सारी कथा वर्तमानकाळात येते, हेही औचित्यपूर्णच.

अकराव्या जिल्ह्यातील प्रसंग या कृतीचे मर्म आहे. मृत बालिका रू हिच्याविषयी कॅटनिस मनापासून चार शब्द बोलते. एक वृद्ध रूची धून शिटीवर वाजवितो, जमाव तिला मूक वंदन करतो, आणि त्या वृद्धाला तत्काळ गोळी घातली जाते. शिकविलेल्या भाषणाने जे साधत नाही, ते एका खऱ्या उद्गाराने घडते. त्याचे मोल मात्र दुसराच कोणी देतो.

उत्तरार्ध या उंचीवर टिकत नाही. पंचाहत्तराव्या खेळात पूर्वीच्या विजेत्यांनाच पुन्हा उतरविले जाते. रिंगणाची घड्याळासारखी रचना कल्पक असली, तरी साहसांची पुनरावृत्ती जाणवते. गेल हे पात्र रेखाटनापुरतेच राहते. बंडाची सारी योजना नायिकेपासून लपविलेली असल्याने शेवटी ती केवळ निवेदनाने कळते आणि कथा तुटल्यासारखी थांबते. तथापि या दोषातही एक कटू सत्य आहे : सत्तेप्रमाणे बंडखोरही या मुलीला न विचारता तिचा उपयोग करून घेतात.

असे पुस्तक विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे काय? त्यातील हिंसेचे मला फारसे भय वाटत नाही. लेखिका ती कोठेही लोभस करीत नाही. भय वाटते ते निराळ्याच वाचनाचे. नायिका दोघांपैकी कोणाला वरील, एवढ्याच कुतूहलाने पाने उलटणारा वाचक नकळत राजधानीतील प्रेक्षकांत जाऊन बसतो, कारण त्यांनाही नेमके तेवढेच हवे असते. ही गोष्ट विद्यार्थ्याच्या ध्यानात आणून देणे, हे शिक्षकाचे काम. ते होणार असेल, तर पुस्तक अवश्य द्यावे.