संहिता आणि विनियोग : आयरिश उपचारमंत्रांचे वाचन

आयर्लंडमधील लोकवैद्यांच्या मंत्रांचा तौलनिक विचार बहुधा संहितेपुरता मर्यादित राहिला आहे. दातदुखीच्या मंत्रात दगडावर बसलेल्या व्याकूळ पीटरला ख्रिस्त भेटतो व बरे करतो. पाय मुरगळल्यावरच्या मंत्रात हाड, सांधा, शीर यांना आपापल्या जागी परतण्याची आज्ञा असते. या दुसऱ्या प्रकाराचे सजातीय रूप जर्मन मेर्झेबुर्ग मंत्रात आढळते. त्या मंत्राचे अथर्ववेदातील सूक्ताशी (४.१२) असलेले साम्य आडालबेर्ट कून यांनी १८६४ मध्ये दाखविले. हे साम्य विलक्षण आहे. मात्र ते शब्दांचे साम्य आहे.

अथर्ववेदाचा अभ्यासक सूक्ताबरोबर कौशिकसूत्रातील विनियोगही पाहतो. आयरिश मंत्रालाही असा विनियोग आहे. पण तो ग्रंथात नसून माणसांत आहे. उपचाराचा अधिकार सातव्या मुलाकडे, किंवा विवाहानंतरही माहेरचेच आडनाव राहिलेल्या स्त्रीकडे असतो. अनेक ठिकाणी मंत्र पुरुषाकडून स्त्रीकडे आणि स्त्रीकडून पुरुषाकडेच जातो. उपचाराचे मोल घ्यायचे नसते, आभारही मानायचे नसतात. डांग्या खोकल्यावर तर ठरावीक शब्दच नाहीत : कबऱ्या किंवा पांढऱ्या घोड्यावरून जाणाऱ्यास उपाय विचारावा आणि तो सांगेल ते करावे. येथे संहिता रिकामी आहे. अधिकार मात्र पूर्ण आहे.

लेडी वाइल्ड यांच्या १८८७ च्या संग्रहात मंत्रांचे शब्द आले, परंतु सांगणाऱ्यांची नावे व गावे बहुतांशी गळाली. परिणामी मंत्र भावकवितेसारखा वाचला जाऊ लागला. आयरिश लोकसाहित्य आयोगाच्या १९३७ ते १९३९ मधील शालेय संकलनाचे स्वरूप निराळे आहे. मुलांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकून उतरविलेल्या या नोंदींत पुष्कळदा मंत्र नसतोच. अमुक घरी अमुक दुखण्याचा ‘इलाज आहे’, एवढेच असते. शब्दसंहिता शोधणाऱ्या वाचकाला ही उणीव वाटेल. वस्तुतः ज्या परंपरेत शब्द योग्य वारसालाच द्यायचे असतात, तिचे हे मौन प्रामाणिक नोंदच होय.

म्हणून या मंत्रांची तुलना करताना शब्दसाम्याइतकेच वारशाच्या नियमांनाही स्थान द्यावे लागते. वारस न नेमता मंत्रधारक निवर्तला, तर अभिलेखागारात शब्द सुरक्षित राहतात. परंपरेच्या स्वतःच्या कसोटीनुसार मात्र तो मंत्र उरत नाही.