‘फारसे महत्त्वाचे नाही’ म्हणजे किती?

मिरज हे दवाखान्यांचे गाव. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी येथे मिशनचे रुग्णालय उभारले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. त्यामुळे डॉक्टर होण्याचे स्वप्न पाहणारी मुले इथे घरोघर भेटतात. ‘नीट’ परीक्षेसाठी ती एनसीईआरटीचे बारावीचे जीवशास्त्राचे पुस्तक ओळ न् ओळ पाठ करतात. त्यातल्या एका वाक्याकडे आम्हाला शिक्षकांचे लक्ष वेधायचे आहे.

‘प्रजनन आरोग्य’ या प्रकरणात निरोध, तांबी, गोळ्या, इंजेक्शने, शस्त्रक्रिया अशा संततिनियमनाच्या सर्व साधनांची माहिती आहे. संप्रेरकांच्या गोळ्या स्त्रीबीज बाहेर पडू देत नाहीत आणि गर्भाशयाच्या मुखाशी शुक्रजंतूंना अडवतात, हे कार्य नीट समजावले आहे. इथवर आमची तक्रार नाही. मात्र शेवटी सर्व साधनांचे दुष्परिणाम एकाच वाक्यात उरकले आहेत. मळमळ, पोटदुखी, अनियमित रक्तस्राव, इतकेच काय स्तनाचा कर्करोगही संभवतो. हे फारसे महत्त्वाचे नसले तरी अगदीच दुर्लक्षू नये, असा त्याचा आशय. अजिबात न सांगण्यापेक्षा हे बरे, हे मान्य. पण एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले, “सर, फारसे महत्त्वाचे नाही म्हणजे किती?” तिच्या वहिनीने ‘कर्करोग’ हा शब्द ऐकूनच गोळ्या सोडल्या होत्या.

आमचा पहिला आक्षेप असा की, कोणता परिणाम कोणत्या साधनाचा हे या वाक्यातून कळत नाही. तांब्याच्या तांबीत संप्रेरक नसते, नसबंदीतही नसते. मग त्यांचा आणि स्तनाच्या कर्करोगाचा संबंध काय? शिवाय चार दिवसांची मळमळ आणि कर्करोग यांना एकाच रांगेत बसवणे बरोबर नाही.

दुसरा आक्षेप, त्यात आकडा नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे १८ लाख स्त्रियांची नोंद तपासणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. संप्रेरक-साधने वापरणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी जास्त आढळले. ऐकून धडकी भरते. पण मूळ प्रमाणच लहान असल्याने ही वाढ वर्षाला सुमारे ७,७०० स्त्रियांमागे एक जादा रुग्ण इतकी आहे. टक्केवारी आणि प्रत्यक्ष संख्या या दोन्ही सांगितल्या तरच सत्य पुरे होते.

अर्धे सत्य किती महाग पडते हे ब्रिटनने पाहिले आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये तेथे इशारा देण्यात आला की, काही नव्या गोळ्यांनी शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे दर ७,००० स्त्रियांमागे एकाऐवजी दोन. घाबरून अनेकींनी गोळ्या बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. गर्भारपणात गुठळीचा धोका गोळीपेक्षा जास्त असतो, ही गोष्ट त्या गडबडीत मागे पडली.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. जो धोका डॉक्टरला आधी आठवायला हवा, तो गुठळीचा धोकाच या वाक्यात नाही. गोळी न घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांत वर्षाला सुमारे २ जणींना गुठळी होते. माला-डीमध्ये असते ते लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्यांत ५ ते ७, तर ड्रोस्पिरेनॉन वा डेसोजेस्ट्रेल असलेल्या गोळ्या घेणाऱ्यांत ९ ते १२ जणींना. पस्तिशीपुढच्या आणि धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया, उच्च रक्तदाब असणाऱ्या, पूर्वी गुठळी झालेल्या, डोळ्यांपुढे प्रकाशरेषा चमकून अर्धशिशी उठणाऱ्या आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगावर पाजणाऱ्या माता यांच्यासाठी ही मिश्र गोळी नव्हे. आपल्याकडे स्त्रियांत धूम्रपान कमी. म्हणून निदान रक्तदाब मोजल्याशिवाय औषधाच्या दुकानातून पाकीट आणू नये, हे बारावीच्या मुलांना कळायला हवे.

तराजूचे दुसरे पारडे तर पुस्तकाने रिकामेच ठेवले. गोळ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका घटतो. दर पाच वर्षांच्या वापरामागे तो सुमारे एकपंचमांशाने कमी होतो आणि गोळी सोडल्यावरही हे संरक्षण अनेक वर्षे टिकते. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही कमी होतो. पाळीतला रक्तस्राव घटतो, ही पंडुरोगाने गांजलेल्या आपल्या स्त्रियांना छोटी गोष्ट नाही. नको असलेले बाळंतपण टळते, हा लाभ तर उघडच आहे.

धोका लपवा, असे आम्ही म्हणत नाही. १९८६ मध्ये हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने ‘नेट-एन’ इंजेक्शनच्या प्रयोगांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ती स्त्रियांना पुरती माहिती न देता इंजेक्शने दिली जात होती म्हणूनच. माहिती दडवणे आणि माहितीविना भीती घालणे, या दोन्हींत निर्णय स्त्रीच्या हातून जातो.

शिक्षकांनी हे वाक्य वगळू नये; त्यावर एक तास घ्यावा. फळ्यावर १०,००० स्त्रियांचा एक चौकोन काढावा, त्यात गोळीविना २ आणि गोळीसह ७ ठिपके द्यावेत, शेजारी लाभांची यादी लिहावी. मग मुलांना विचारावे, “ही गोळी कोणाला द्याल आणि कोणाला नाही?” उद्याच्या डॉक्टरला पाठांतरापेक्षा या प्रश्नाचा अधिक उपयोग होईल आणि घरातल्या वहिनीलाही.