विमानाला हात कशाला?

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा भरला की सोलापूरच्या होम मैदानावर खेळण्यांच्या स्टॉलवर एक विमान हमखास दिसतं. खाली चाकं, पोटात बॅटरी. बटण दाबलं की ते कर्कश गाणं वाजवत पळतं, मध्येच थांबतं, पंख फाकवतं आणि आतून लाल-निळे दिवे लावलेला रोबो उभा राहतो. मग पुन्हा विमान, पुन्हा रोबो. पोरं भोवती उकिडवी बसून बघत राहतात. विकणारा त्याला ‘ट्रान्सफॉर्मर’ म्हणतो. खोक्यावर नाव काहीतरी तिसरंच असतं.

ही कशाची तरी नक्कल आहे, हे विकणाऱ्याला कळतं आणि घेणाऱ्यालाही. कशाची, याची फिकीर कुणाला नसते. पण लढाऊ विमानाचा रोबो होतो या कल्पनेला ज्या एका आराखड्यानं खरा घाट दिला, तो बघितला की गड्ड्यावरच्या विमानात नेमकं काय हरवलंय ते लक्षात येतं. आणि त्या मूळ खेळण्याचं आज काचेच्या कपाटात जे चाललंय, त्यातही तेच कसं हरवतंय, हेही.

तो आराखडा म्हणजे व्हीएफ-१ व्हॅल्किरी. ३ ऑक्टोबर १९८२ ला जपानी टीव्हीवर ‘सुपर डायमेन्शन फोर्ट्रेस मॅक्रॉस’ ही ३६ भागांची अॅनिमे मालिका सुरू झाली. तिच्यातलं हे विमान. आराखडा करणारा शोजी कावामोरी तेव्हा बावीस वर्षांचा होता. विमान अमेरिकी नौदलाच्या एफ-१४ टॉमकॅटवर बेतलेलं. टॉमकॅटसारखेच याचे पंख मागेपुढे सरकतात. कावामोरीची एक सवय प्रसिद्ध आहे: यंत्राचं रूपांतर कसं होईल हे तो लेगोच्या ठोकळ्यांनी जुळवून बघतो. म्हणजे कागदावर छान दिसणारं चित्र आधी हातात वळून दाखवतो. ही सवय या विमानाच्या गाभ्याशी आहे.

ते वळतं कसं? विमानाची दोन इंजिनं म्हणजेच रोबोचे दोन पाय. इंजिनाचं मागचं तोंड दुभंगलं की पाऊल. दोन इंजिनांच्या मध्ये, पोटाखाली, हात घडी घालून ठेवलेले. तिथंच लपलेलं डोकं शेवटी वर येतं. नाकाचा भाग खाली वळून धड होतो, पंख पाठीला चिकटतात. रोबोसाठी म्हणून वेगळं काही आणलेलं नाही आणि विमान झाल्यावर उरलेलं काही कुठे कोंबलेलंही नाही. प्रत्येक भागाला दोन नोकऱ्या आहेत आणि दोन्ही तो नीट करतो.

या दोन रूपांच्या मध्ये तिसरं एक रूप आहे: गर्वॉक. विमान अजून विमानच आहे, पण त्याला पाय फुटलेत आणि हात बाहेर आलेत. गुडघे पक्ष्यासारखे उलटे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, रूपांतर अर्ध्यावर अडकलं. दिसायला विचित्र आणि तरी मला तिन्हींत सगळ्यात खरं वाटणारं रूप हेच. विमान देखणं आहे, रोबो रुबाबदार आहे. पण हे खेळणं काय आहे ते गर्वॉक सांगतं. जे अजून एक राहिलेलं नाही आणि दुसरं झालेलं नाही, त्याचीही इथं एक चाल आहे, एक काम आहे, एक नाव आहे.

आता शीर्षकातला प्रश्न. लढाऊ विमानाला हात कशाला? मालिकेतलं उत्तर व्यवहाराचं आहे. शत्रू झेंत्रादी हे सुमारे दहा मीटर उंचीचे राक्षसदेही सैनिक. त्यांच्याशी समोरासमोर भिडायचं तर यंत्रही त्यांच्या मापाचं, हातापायांचं हवं. पण मालिका सुरू होते तेव्हा हे हात भलतंच काही करतात. हिकारू इचिजो हा कसरतीची विमानं उडवणारा तरुण चुकून सैन्याच्या विमानात बसतो. ते रोबो होऊ शकतं हे त्याला माहीतच नाही. विमान शहरात कोसळतं, रोबो होतं, तो तोल सावरता सावरता घरं पाडतो. आणि मग त्या यंत्राच्या भल्यामोठ्या हातात लिन मिनमे या मुलीला धरून तो तिला वाचवू बघतो. म्हणजे या मालिकेच्या नायकाच्या यंत्राचे हात पहिल्यांदा उपयोगी पडतात ते कुणाला तरी न चिरडता धरण्यासाठी. शस्त्र चालवायला बोटांची गरज नव्हती, जपून धरायला होती.

मॅक्रॉस दुसरीही एक गोष्ट सांगते आणि ती खेळण्यांविषयी लिहिणाऱ्यानं विसरू नये अशी आहे. झेंत्रादींना संस्कृती नाही. गाणं नाही, घर नाही, बाईपुरुष एकत्र राहत नाहीत. त्यांची प्रचंड जहाजं आहेत, पण ती दुरुस्त करणं त्यांना येत नाही. बिघडलं की संपलं. त्यांचे तीन हेर माणसाच्या आकाराचे होऊन मानवी जहाजात शिरतात आणि परत जाताना काय नेतात? मिनमेची गाणारी बाहुली. एक खेळणं. ती बाहुली सैनिकांमध्ये हातोहात फिरते आणि युद्धाशिवाय काही ठाऊक नसलेल्या त्या फौजेत पहिली चीर पडते. पुढे मिनमेचं गाणं युद्धाचा निकाल फिरवतं. हा भाग भाबडा आहे, मान्य. गाण्यानं युद्ध थांबत असतं तर आपल्याकडे गायकांची काय कमी होती! पण खेळणं आणि दुरुस्ती या दोन गोष्टी मालिकेनं संस्कृतीच्या खुणा म्हणून शेजारी ठेवल्या, ते मला भाबडं वाटत नाही.

गंमत अशी की कथेत जिंकली बाहुली, बाजारात जिंकलं विमान. जपानी अॅनिमेचा त्या काळातला हिशेब उघड होता: खेळणी बनवणारी कंपनी पैसे घालणार आणि मालिकेनं तिची खेळणी खपवायची. मॅक्रॉसमागे ताकातोकू ही कंपनी होती. तिनं १:५५ मापात व्हॅल्किरी काढलं. धातूचे भाग असलेलं, वजनदार, थोडं जाडजूड, पण मुलाच्या हातात टिकेल असं. युद्ध कसं थांबलं हे सांगणाऱ्या गोष्टीतून मुलांनी घरी नेलं ते युद्धाचं यंत्र. ही विसंगती झाकण्यात अर्थ नाही. लढाऊ विमान सुंदर दिसतं, हेच त्याच्याबद्दलचं अवघड सत्य आहे. कावामोरीच्या आराखड्यानं ते आणखी सुंदर केलं.

१९८४ मध्ये ताकातोकू बुडाली. तिचे साचे बांदाईकडे गेले आणि त्याच साच्यांतलं विमान हॅस्ब्रोनं १९८५ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’मध्ये जेटफायर या नावानं विकलं. २००९ च्या चित्रपटातला, काठी टेकत चालणारा म्हातारा जेटफायर तुम्हाला आठवत असेल, तर त्या नावाचं पहिलं शरीर व्हॅल्किरीचं होतं, हे लक्षात ठेवा. हक्कांच्या भानगडीमुळे त्या काळच्या कार्टूनमध्ये त्याचं रूप बदललं आणि नावही स्कायफायर झालं. त्याच वर्षी मॅक्रॉस आणि आणखी दोन वेगळ्या मालिका एकत्र शिवून अमेरिकेत ‘रोबोटेक’ तयार झाली. जपानबाहेरच्या हक्कांचं भांडण २०२१ मध्ये मिटलं. तोवर जवळपास चार दशकं हे विमान जगभर फिरलं ते दुसऱ्यांच्या नावांनी. म्हणून ‘ट्रान्सफॉर्मर’ हा शब्द गड्ड्यावर पोचला आणि ‘मॅक्रॉस’ पोचला नाही.

नकलेबद्दल माझी तक्रार नाही. सोलापुरात हजार-दोन हजाराचं खेळणं हीसुद्धा चैन आहे. जपानहून मागवायचं तर मूळ किमतीवर वाहतूक आणि कर चढतो; खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. अशा वेळी शंभर-दोनशे रुपयांत विमानाचा रोबो होत असेल तर पोरानं तो घ्यावाच. आक्षेप वेगळा आहे. गड्ड्यावरच्या विमानानं नक्कल केली ती चित्राची. विमान दिसलं, रोबो दिसला, मधलं काम मोटरनं केलं. मुलानं फक्त बघायचं.

रोलाँ बार्थनं १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये फ्रेंच खेळण्यांवर हाच राग काढला होता: ही खेळणी मुलाला घडवणारा करत नाहीत, मालक आणि वापरणारा करतात. त्याला प्लॅस्टिकचाही तिटकारा होता आणि युद्धखेळण्यांचाही. व्हॅल्किरी दोन्ही आहे. तरी बार्थच्या कसोटीवर ते पूर्ण नापास होत नाही, कारण ते आपोआप काहीच करत नाही. पाय आधी सोडवायचे, मग खाली घ्यायचे. हात त्याच्या आधी ओढले तर अडकतात. कुठे जोर लावायचा आणि कुठे नुसतं बोट टेकवायचं हे बोटांनाच शिकावं लागतं. पुण्याच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलेल्या अरविंद गुप्तांनी घराघरात पोचवलेला कागदी फ्लेक्सागॉन करून पाहिला असेल तर हा आनंद तुमच्या ओळखीचा आहे. कागद एकच, पण फिरवत गेलं की आतून नवी बाजू बाहेर येते. गंमत त्या फिरवण्यात असते. फ्लेक्सागॉनला खर्च एका कागदाचा आणि व्हॅल्किरीला एका पगाराचा, हा फरक आहेच.

इथं संग्राहकांकडे वळायला हवं. गेल्या वीसेक वर्षांत यामातोनं आणि २०१९ पासून बांदाईनं डीएक्स चोगोकिन मालिकेत जी व्हॅल्किरी काढली, ती ताकातोकूच्या खेळण्यापेक्षा कितीतरी रेखीव आहेत. संग्राहकांचा आवडता शब्द ‘परफेक्ट ट्रान्सफॉर्मेशन’: एकही भाग न काढता तिन्ही रूपं. यामातोच्या सुरुवातीच्या १:६० विमानात पाय काढून परत लावावे लागत, ते पुढे सुधारलं. अभियांत्रिकी म्हणून हे थक्क करणारं आहे. पण जितकं परिपूर्ण, तितकं नाजूक. खांद्याच्या बिजागरीला चीर जाते. रंग घासतो. पांढरं प्लॅस्टिक वर्षांनी पिवळं पडतं. मग मालक एक रूप ठरवतो, बहुधा विमान, ते स्टँडवर चढवतो आणि काच लावतो. तीन रूपांसाठी पैसे मोजून एकच पाहतो.

आपल्याला हे नवीन नाही. मराठी घरातल्या हॉलमध्ये शोकेस असायचं. त्यात कुणीतरी परगावाहून आणलेली बाहुली, अंगावरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. घरातल्या मुलांना ती फक्त पाहुण्यांबरोबर बघता यायची. ‘हात लावू नकोस’ हे त्या बाहुलीचं खरं नाव होतं. काचेमागचं व्हॅल्किरी त्याच शोकेसमध्ये जाऊन बसलंय आणि गड्ड्यावरचं बॅटरीचं विमान त्याच्या दुसऱ्या टोकाला. एकाला हात लावायची भीती, दुसऱ्याला हात लावायची गरजच नाही.

संग्राहकाची बाजूही खोटी नाही. पुस्तक दहादा वाचलं तरी मजकूर तोच राहतो. हे खेळणं प्रत्येक वाचनात थोडं झिजतं. सुटा भाग मिळत नाही. महिन्याच्या कमाईतून घेतलेली वस्तू मोडली तर ‘खेळण्यासाठीच होती’ हे वाक्य फार समाधान देत नाही. मात्र हे सगळे जपण्याचे नियम झाले. जपून हाताळणं आणि न हाताळणं यांत जे अंतर आहे तेच इथं पणाला लागलंय, कारण व्हॅल्किरीचा अर्थ विमानात नाही, रोबोतही नाही. तो एकातून दुसऱ्यात जाताना, मिनिट-दोन मिनिटं, बोटांच्या टोकांवर असतो. स्टँडवरचं विमान हे फक्त महागडं टॉमकॅट आहे.

आणि मोडलं तर? सोलापूरला हा प्रश्न परका नसावा. इथल्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या, पण चादर आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग चालत राहिले ते कुणीतरी ते रोज खोलतं, तेल घालतं, झिजलेला भाग घडवून बसवतं म्हणून. त्या माणसाला यंत्राचा आदर आहे, तरी त्याच्यात हात घालायला तो कचरत नाही. चिरलेल्या बिजागरीत बारीक पिन बसवून विमान पुन्हा वळतं करणारा संग्राहक मला त्याच घराण्यातला वाटतो. खोकंही न उघडणारा मात्र झेंत्रादींच्या जवळ जातो: प्रचंड ताफा, आणि बिघडलं की संपलं, म्हणून चालवायचंच नाही.

म्हणून अशा खेळण्याची पारख करताना किती रेखीव, किती दुर्मिळ, किती मूळ, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न, ते हाताला काय शिकवतं? ताकातोकूचं जाडजूड विमान इथं आजच्या देखण्या विमानांना भारी पडतं, कारण ते मुलाच्या हातावर विश्वास ठेवून बनवलेलं होतं. नवी विमानं प्रौढाच्या डोळ्यावर विश्वास ठेवतात. तुमच्याकडे त्यातलं एखादं असेल, कुठलंही, मूळ किंवा नक्कल, आणि ते हातानं वळत असेल, तर या आठवड्यात ते कपाटातून काढा. पूर्ण रोबो नाही केलात तरी चालेल. पाय खाली घ्या, हात बाहेर काढा आणि गर्वॉकमध्ये टेबलावर उभं करा. थोडं डुगडुगेल, मग उभं राहील.