कोणाच्या डोळ्यांतले पाणी?

दिवाळीच्या सुमारास शहरांतील वृत्तपत्रांना कांद्याची आठवण होते. ‘कांद्याने रडविले’ हा मथळा तर ठरलेलाच! वास्तविक, उन्हाळी कांदा तोवर चाळींतून सरत आलेला असतो आणि खरिपाचा लाल कांदा पुरता आलेला नसतो. भाव चढतो तो या मधल्या दिवसांत. हे साधे कारण बातमीत क्वचितच सापडते. सापडतो तो एकच शब्द : ‘साठेबाजी’.

मी लासलगावचा शिक्षक. वाक्यात कोण आले आणि कोण गळले, हे पाहण्याची खोड जडलेली. ‘कांद्याने रडविले’ या वाक्यात रडविणारा कांदा आणि रडणारे गिऱ्हाईक. पिकविणारा कोठेच नाही. भाव पडला की मथळा येतो, ‘कांदा घसरला’. जणू स्वतःचाच पाय चुकून! २०१८ साली आमच्या निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १०६४ रुपये मिळाले. ते त्याने मनिऑर्डरने पंतप्रधानांना पाठविले, तेव्हा कोठे देशभर बातमी झाली.

लोकशाहीत कोणाचा क्षोभ मोजायचा, हे पुष्कळ अंशी अशी वाक्येच ठरवितात. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत महाग कांदा प्रचाराचा विषय झाला. १९९८ मध्ये दिल्लीचे सरकार पडले, त्यातही कांद्याचा वाटा होता. राज्यकर्ते तेव्हापासून शहरातल्या मथळ्याला भिऊन असतात. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसले, आमच्याकडचे लिलाव बंद पडले. डिसेंबरात तर निर्यातबंदीच आली. मथळे शांत झाले. खळ्यावरचा माणूस मात्र शांत झाला नव्हता. त्याचा आवाज २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ऐकू आला.

मग पुढारी लोक क्षोभ निर्माण करतात का? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ने लोकांच्या मनातल्या संतापाला रोज सकाळी वाणी दिली. तो संताप त्यांनी निर्माण केला नव्हता. शरद जोशींचेही तसेच. त्यांनी ‘वारकरी’ साप्ताहिक चालविले आणि शेतकऱ्याला आधी हिशेब शिकविला, घोषणा मागाहून दिली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा टिकली ती त्यामुळेच. तिच्यामागे उत्पादनखर्चाची बेरीज होती. तथापि शब्दाची किंमत नेहमी बोलणाराच मोजतो असे नाही. नोव्हेंबर १९८० च्या ऊस-कांदा आंदोलनात खेरवाडीला गोळीबार झाला आणि दोन शेतकरी प्राणाला मुकले. लोकांना रस्त्यावर बोलाविणाऱ्या प्रत्येकाने हे नाव ध्यानात ठेवावे.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. लेखणी वा वाणी लोकांना चिडविते की नाही, हे मी पाहत नाही. चिडण्याचे कारण ती त्यांना समजावून देते की नाही, हे पाहतो. नुसता मथळा देणारे वृत्तपत्र आणि नुसती घोषणा देणारा पुढारी, दोघेही या कसोटीला उतरत नाहीत. आमच्याकडच्या सभांतही व्यापाऱ्याला शिव्या घालून टाळ्या मिळविणारे वक्ते थोडे नाहीत.

कांद्याच्या बातमीपुरते सांगायचे, तर गिऱ्हाइकाने मोजलेला भाव आणि त्याच दिवशी शेतकऱ्याच्या पट्टीवर पडलेला भाव, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापावेत. मथळा मग कोणताही द्यावा.