एकच प्रयोग, दोन लेख

आपलेच संशोधन दोन नियतकालिकांत छापले, तर चोरी कोणाची झाली? वरवर बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद हिशेबाला मात्र टिकत नाही.

समजा, लोहारा तालुक्यातील दोन शाळांत जंतांवरील एका गोळीची चाचणी घेतली. पहिल्या शाळेत १०० पैकी ६० मुलांना गुण आला, दुसरीत १०० पैकी ४०. सरासरी ५० टक्के. आता पहिल्या शाळेचाच अहवाल शीर्षक बदलून पुन्हा छापला आणि वाचणाऱ्याने तो तिसरी शाळा म्हणून धरला, तर ३०० पैकी १६०, म्हणजे सुमारे ५३ टक्के होतात. नवे एकही मूल तपासले नाही, तरी गोळी अधिक गुणकारी ठरली!

वैद्यकात हे प्रत्यक्ष घडले आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्या रोखणाऱ्या ऑनडॅनसेट्रॉन या औषधाच्या चाचण्या मार्टिन ट्रेमर व त्यांच्या ऑक्सफर्डमधील सहकाऱ्यांनी तपासल्या. १९९७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी दाखवून दिले की, १७ टक्के लेख पुनरुक्त होते आणि २८ टक्के रुग्णांची माहिती पुन्हा आली होती. जास्त गुण दाखवणाऱ्या चाचण्याच पुन्हा छापण्याकडे कल होता. परिणामी औषधाची उपयुक्तता २३ टक्क्यांनी फुगली.

म्हणूनच असा दुसरा लेख संपादक मागे घेतात. पहिला कायम राहतो. दोन्ही संपादकांच्या संमतीने, मूळ लेखाचा स्पष्ट उल्लेख करून छापलेला अनुवाद मात्र चालतो. दोष पुन्हा छापण्यात नाही, लपवण्यात आहे.

परंतु लेख मागे घेतला म्हणजे वाद मिटतोच असे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधकांचा २००५ सालचा लेख ‘जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री’ने २००७ साली मागे घेतला. स्वतःच्याच आधीच्या लेखातील चित्रे नव्या प्रयोगाची म्हणून वापरली, असा आक्षेप होता. संशोधकांनी तो नाकारला. जी. पद्मनाभन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यांना निर्दोष ठरवले, तर सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज या संस्थेने दोषी. त्याच चित्रांवरून दोन उलट निष्कर्ष निघतात, तेव्हा नुसता ‘मागे घेतला’ हा शिक्का अपुरा पडतो. कारणे आणि प्रयोगाच्या मूळ नोंदी वाचकांपुढे यायला हव्यात.

ही सवय शाळेतच लागू शकते. विज्ञान प्रदर्शनात प्रकल्प तपासताना शिक्षकांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत: हे आधी कोठे मांडले होते का? आणि नोंदवही कोठे आहे?