उजनीत टाकी बुडवून वीज साठेल का?

ऊर्जा साठवणुकीत पीएच.डी.चा विषय शोधत असाल, तर ज्युलियन हंट आणि सहकाऱ्यांचा २०२१चा पेपर वाचाच. कल्पना सोपी आहे. वीज जास्त असताना हवेने किंवा हायड्रोजनने भरलेली टाकी मोटरने पाण्यात खोल ओढायची. वीज हवी तेव्हा ती वर सोडायची. दोर ओढला जातो, जनित्र फिरतं. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांना प्लावक बल वेगळं सांगायला नको!

पेपरमधला एकच आकडा सगळे उचलतात: साठवलेल्या दर युनिटमागे ५० ते १०० डॉलर. पण शेजारीच दुसरा आकडा आहे, दर किलोवॅट क्षमतेमागे ४,००० ते ८,००० डॉलर. चार तासांच्या साठ्यावर हे ४,००० डॉलर वाटून बघा. युनिटमागे हजार डॉलर चढतात. म्हणजे हे तंत्र रोजच्या संध्याकाळसाठी नाही, अनेक दिवसांच्या साठ्यासाठी आहे.

दुसरी अट खोलीची: ३,००० ते १०,००० मीटर. आपल्या डोळ्यांपुढे मात्र उजनी येते. समजा, ३० मीटर खोली मिळाली. एक घनमीटर टाकीला: १,००० × ९.८१ × ३० = सुमारे २.९४ लाख जूल, म्हणजे ०.०८ युनिट. उजनीवर १२ मेगावॅटचा उदंचन संच आहेच. तो तासभर चालवण्याएवढी वीज साठवायला जवळपास दीड लाख घनमीटर पोकळी लागेल. तिचा घन केला तर बाजू ५३ मीटर. तो ३० मीटर पाण्यात बुडणारच नाही! उदंचनात पाणीच वजनाचं काम करतं. इथे पोकळी बांधावी लागते. शिवाय उन्हाळ्यात सौरवीज भरपूर, आणि उजनी बहुतेकदा मायनसमध्ये.

मग समुद्र? बॉम्बे हायपाशी, किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरही पाणी जेमतेम ७५ मीटर.

म्हणून विषय टाकाऊ ठरत नाही. ३,००० मीटरवर तोच घनमीटर ८ युनिटं देईल, पण आकार तोच राहिला तरच. तिथला दाब वातावरणाच्या ३०० पट. गॅस आकसतो, बल घटतं. खरा प्रश्न इथे आहे: आकसणं धरून किती ऊर्जा परत मिळते? प्रस्तावात "उजनी" लिहायच्या आधी एवढं गणित मांडा. नाहीतर फेलोशिपची वर्षं टाकीसोबत बुडतील.