पंख नसलेले लेकरू

मांडव्याच्या जेट्टीपासून थोडे आत, नारळ-पोफळीच्या वाडीतील एका ख्रिस्ती घरी गेल्या पावसाळ्यात आम्ही पाहुणे होतो. घरात तीन वर्षांची एक चिमुरडी आहे. ती दीड वर्षाची असताना या दांपत्याने तिला दत्तक घेतले, आणि तिला डाउन सिंड्रोम आहे हे पूर्ण जाणून घेतले. तिच्या बाप्तिस्म्याला भेट आलेली दोन इंग्रजी पुस्तके तेथे आमच्या हाती आली. एक डेल इव्हान्स रॉजर्स यांचे ‘एंजल अनअवेअर’ (१९५३), दुसरे फादर हेन्री नोवेन यांचे ‘अॅडम’ (१९९७). पहिल्याकडे बोट दाखवून बाई म्हणाल्या, “यातलं बाळ दोन वर्षांचं व्हायच्या आत देवाघरी जातं. आमची तर पन्नाशीही पाहील, असं डॉक्टर म्हणतात. तिच्यासाठी कोणी काही लिहिलंय का?”

हा प्रश्न वाङ्मयाचा आहे असे आम्हांस वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

डेल इव्हान्स या अमेरिकन चित्रपट-अभिनेत्री. १९५० साली जन्मलेली त्यांची कन्या रॉबिन हिलाही डाउन सिंड्रोम होता. हृदयही अधू होते. मुलीला एखाद्या संस्थेत ठेवा, हा वैद्यकीय सल्ला आईबापांनी मानला नाही. त्या काळी हे मोठेच धाडस होते, आणि या पुस्तकाने अनेक कुटुंबांना आपले लपविलेले मूल उजेडात आणण्याचे बळ दिले. हे श्रेय आधी देऊन मग बोलतो. पुस्तकाची रचना अशी, की स्वर्गात पोहोचलेली रॉबिन देवपित्याला आपल्या पृथ्वीवरील दिवसांची हकीगत सांगते. शीर्षक इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायातून, नकळत देवदूतांचे आतिथ्य करणाऱ्यांच्या उल्लेखावरून आले आहे. जिला आयुष्यात शब्द लाभला नाही, तिच्या मुखी लेखिका अस्खलित वाणी घालते. आणि ती वाणी मुख्यतः काय सांगते? आपल्यामुळे आईवडील देवाच्या किती जवळ आले, हे. मूल हे आईच्या आत्मिक उन्नतीचे साधन होऊन बसते. त्याचे स्वतःचे रुसणे, हट्ट, आवडीनिवडी कोठे गेल्या, असे विचारावेसे वाटते.

शोकाकुल मातेला ही मुभा असावी. तिच्यामागून निघालेल्या साक्षपर लेखनाला मात्र ती देता येणार नाही, आणि यात आमची स्वतःची पानेही आलीच. ‘देवाने पाठविलेला देवदूत’ हे शब्द आम्हीही छापले आहेत. ‘मतिमंद’ हा शब्द टोचतो म्हणून ‘विशेष’ आला, २०१५ नंतर ‘दिव्यांग’ रूढ झाला; त्याही शब्दात पंखांची फडफड ऐकू येते. देवदूताला दात घासावे लागत नाहीत आणि त्याच्या म्हातारपणाची चिंता कोणाला करावी लागत नाही, एवढी एक सोय त्यात आहे खरी.

याच रॉजर्स दांपत्याने रॉबिनच्या मृत्यूनंतर सँडी नावाचा, लहानपणी हाल सोसलेला अधू मुलगा दत्तक घेतला. आमच्या विषयाला खरे जवळचे उदाहरण ते. परंतु त्याच्यावरील पुस्तकही तो गेल्यानंतर, १९६७ साली आले. जिवंत लेकरावर लिहिणे एवढे अवघड का व्हावे?

फादर नोवेन यांचे पुस्तकही अॅडमच्या मृत्यूनंतरचेच. पण अॅडम ३४ वर्षे जगला होता. हार्वर्डमधील अध्यापन सोडून हे डच धर्मगुरू १९८६ साली कॅनडातील ‘डेब्रेक’ या लार्श संस्थेच्या वस्तीत गेले. तेथे बोलू न शकणाऱ्या, फेफऱ्याचे झटके येणाऱ्या अॅडमला सकाळी उठविणे, स्नान घालणे, दाढी करणे, कपडे चढविणे, न्याहारीला नेणे हे काम त्यांच्याकडे आले. आपल्याला हे जमणार नाही म्हणून ते घाबरले होते, हे ते लपवीत नाहीत. या सकाळींची पाने ख्रिस्ती गद्यात मोलाची आहेत. श्रद्धा तेथे हातांत उतरते.

मग लेखकाला मोह होतो. अॅडमचे आयुष्य ते येशूच्या आयुष्यावर बेतू लागतात: अज्ञातवास, अरण्य, प्रकट जीवन, दुःखसहन. हा साचा जेथे घट्ट बसतो तेथे अॅडम पातळ होतो. शिवाय नोवेन यांच्या मदतीला सहकारी होते. मांडव्याच्या आईची पाळी कोणी बदलीत नाही. लार्शचे संस्थापक जाँ व्हानिए यांनी स्त्रियांचे शोषण केल्याचे निष्कर्ष २०२० साली त्या संस्थेनेच प्रसिद्ध केले. तेव्हापासून तर प्रभावळ लावणाऱ्या लेखनाकडे आम्ही अधिकच सावधपणे पाहतो.

उत्तम नमुना शोधावा तर तो पवित्र शास्त्रातच आहे. योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ पाच वर्षांचा असता दाईच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. पुढे दावीदाने त्याला आपल्या पंक्तीस बसविले. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायाचा शेवट पाहावा: तो राजाच्या पंक्तीस नित्य जेवी, एवढे सांगून निवेदक थांबत नाही, तो दोन्ही पायांनी लंगडा होता, हे पुन्हा सांगून मगच थांबतो. चमत्कार नाही, बोधही नाही. शिवाय दावीद त्याला त्याच्या आजोबांची शेतजमीन परत देतो आणि ती कसायला माणसे नेमतो. म्हणजे पानाबरोबर उद्याची तरतूदही आली.

जमिनीची गोष्ट समीक्षेत कशाला, असे कोणी म्हणेल. पण १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नव्हता, आणि दीर्घकाळ ख्रिस्ती जोडप्यांना १८९० च्या कायद्यान्वये केवळ पालकत्व मिळे. तेही मूल सज्ञान होताच संपे. ज्या लेकराला त्यानंतरही आईबाप लागतात, त्याच्या बाबतीत हे किती क्रूर! २००० चा बाल न्याय कायदा, त्याची २००६ ची दुरुस्ती आणि २०१५ चा नवा कायदा यांनी दत्तकाची वाट सर्वधर्मीयांना मोकळी केली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढासाठीही पालक नेमून घेता येतो. त्यासाठीची समिती जिल्ह्याच्या पातळीवर असते. मांडव्याहून अलिबाग दूर नाही. आमच्या साक्षपर लेखांत अलिबागची ही फेरी कधी वाचल्याचे आठवत नाही. नोव्हेनांच्या फेऱ्या मात्र मोजलेल्या असतात.

दोन्ही पुस्तके आम्ही उसनी आणली होती. ‘अॅडम’च्या समासात पेन्सिलीच्या खुणा दिसल्या, स्नानाच्या आणि न्याहारीच्या पानांवर त्या दाट आहेत, रूपकाच्या पानांवर एकही नाही. पुस्तके परत करताना आम्ही बाईंना आमच्या अंकासाठी लिहिण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, पावसामुळे गेटवेची लाँच बंद आहे, उपचारांसाठी भाऊच्या धक्क्याच्या रो-रोने जावे लागते, दिवस त्यातच जातो. शिवाय मुलगी सध्या पेल्याने पाणी प्यायला शिकते आहे, तेवढे जमले की पाहू.